उसाच्या कडेनं चालणाऱ्या बाया

पावणेसात वाजलेत, तरी शिरूर अजून पुरतं उजाडलेलं नाही. घोडनदीवरून आलेलं धुकं रस्त्यावर उतरलंय. रामलिंगाच्या देवळाकडं जाणाऱ्या रस्त्याच्या तोंडाशी सात-आठ बायांचा घोळका उभा आहे. साडीखाली स्पोर्ट्‌स शूज, डोक्याला स्कार्फ, एकीच्या अंगात नवऱ्याचं कंपनीतलं जर्किन. तिघींच्या हातांत काठ्या आहेत. एकजण यायची राहिलीय म्हणून सगळ्या थांबल्यात आणि जागच्या जागी पाय हलवतायत. मी त्यांच्यात जाऊन उभी राहते.

काठ्या बिबट्यासाठी आहेत. 2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात याच तालुक्यातल्या पिंपरखेड-जांबूत भागात बिबट्यानं महिन्याभराच्या आत तीन जीव घेतले. दोन लेकरं आणि एक म्हातारी. ती गावं इथून लांब आहेत, पण ऊस सगळीकडं सारखाच उंच आहे आणि बिबट्याची वीण आता उसातच होते. तोवर हा घोळका साडेपाचला निघायचा. आता नीट दिसायला लागल्याशिवाय पाऊल उचलायचं नाही असं ठरलंय. वजन कमी करण्यावरच्या कुठल्याही लेखात ही अडचण मी वाचलेली नाही. आमच्याकडं मात्र पहिली अडचण तीच आहे.

"चला गं, ती काही येत नाही आज. नळाला पाणी आलं असंल तिच्याकडं," थोरल्या काकू म्हणतात, आणि घोळका हलतो.

थोरल्या काकू साठीच्या पुढच्या. गुडघ्यांनी त्रास द्यायला लागल्यावर डॉक्टरांनी चालायला सांगितलं, म्हणून त्यांनी सुरुवात केली आणि मग बाकीच्यांना घरोघरी जाऊन बाहेर काढलं. त्यांच्या मागं पतसंस्थेतल्या ताई, त्यांच्या शेजारी आशाताई म्हणजे आशा सेविका, आणि सगळ्यांत शेवटी तिशीतली एक सून. ती शेवटी चालते कारण तिच्या कानाला फोन आहे. मुलगा उठला का, स्वेटर घातलं का, असं ती घरी विचारत असते. पहिला अर्धा किलोमीटर कुणी फारसं बोलत नाही. थंडीत श्वासाची वाफ दिसते. मग अंग तापतं आणि तोंडं सुटतात.

आज भोगी. त्यामुळं विषय ठरलेला आहे. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, वर लोण्याचा गोळा, आणि पावटा, सोलाणे, गाजर, वांगं, शेंगदाणे घातलेली भाजी. उद्या संक्रांत, गुळाची पोळी. परवापासून हळदीकुंकू सुरू होईल ते रथसप्तमीपर्यंत, आणि रोज संध्याकाळी दोन-तीन घरी जाऊन तिळगूळ, कुणाकडं ढोकळा, कुणाकडं मसाला दूध.

"मी काय करावं सांगा," पतसंस्थेतल्या ताई म्हणतात. "नको म्हटलं की म्हणतात, आमच्याकडचं चालत नाही होय तुम्हाला?"

"न खाई भोगी तो सदा रोगी," काकू लगेच म्हणतात. "आज खायचं. भाकरी, भाजी पोटभर खायची. त्यानं कुणी सुटत नाही. सुटतो आपण त्या चहाबरोबरच्या खारी-टोस्टानं."

ताईंनी मागं डॉ. जगन्नाथ दीक्षितांची पद्धत धरली होती. दिवसातून दोनदाच जेवायचं, प्रत्येक जेवण 55 मिनिटांच्या आत संपवायचं, आणि 45 मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचं. मूळ विचार डॉ. श्रीकांत जिचकारांचा, दीक्षितांनी तो महाराष्ट्रात घरोघरी नेला. ताईंचं सहा किलो वजन उतरलं. मग मार्चअखेर आला, पतसंस्थेत रात्री नऊ-नऊ वाजायला लागले, चालणं सुटलं आणि पाच किलो परत आलं. सुनेला ऋजुता दिवेकर पटतात. घरचं, आपल्या भागातलं, मोसमातलं खा, भात आणि तूप सोडू नका, असं त्या सांगतात. दोघींचा वाद रामलिंग येईपर्यंत चालतो. तो कधीच संपत नाही आणि संपूही नये, कारण त्या वादात रस्ता कधी सरतो ते कळत नाही.

ताईंचं परत आलेलं वजन मला महत्त्वाचं वाटतं, कारण त्याबद्दल बोलताना त्यांचा आवाज खाली जातो. आपण ढिल्या पडलो असं त्या धरून चालतात. शरीराचं गणित त्यांना कुणी नीट सांगितलेलं नाही. वजन उतरलं की शरीर कमी इंधनात भागवायला लागतं. भूक चाळवणारं घ्रेलिन नावाचं संप्रेरक वाढतं, पोट भरल्याची जाणीव उशिरा होते. म्हणजे पहिल्या दोन महिन्यांत ज्या जेवणावर वजन उतरत होतं, त्याच जेवणावर ते पुढं थांबतं. हे प्रत्येकाचं होतं. त्यात लाज वाटावी असं काही नाही, आणि काटा थांबला म्हणून चालणं वाया गेलं असंही नाही. साखर, रक्तदाब, गुडघे, झोप, यांना चालण्याचा फायदा काट्यावर न दिसताही होत असतो.

देवळापाशी पोचतो तेव्हा ऊन आलेलं असतं. दर्शन घेऊन सगळ्या ओट्यावर बसतात. आशाताई पिशवीतून टेप काढतात. शासनाच्या तपासणी अर्जात तिशीपुढच्या प्रत्येकाच्या कमरेचा घेर लिहावा लागतो, त्यामुळं टेप त्यांच्याबरोबर असतोच. आज त्या सुनेला उभं करतात.

"मला कशाला? मी कुठं जाड आहे?" ती म्हणते. खरंच नाही. मनगटं बारीक, गळ्याची हाडं दिसतात. आशाताई पदर बाजूला करायला सांगतात, निऱ्यांची गाठ जरा खाली सरकवतात, बरगडी कुठं संपते ते बोटानं चाचपतात आणि टेप फिरवतात. "पोट आत ओढू नको. श्वास सोड." टेप 86 सेंटिमीटरवर थांबतो. बायकांसाठी हद्द आहे 80 ची, पुरुषांसाठी 90 ची. सून टेपकडं बघत राहते. आशाताई आकडा वहीत लिहितात आणि तिला साखर तपासायला कधी यायचं ते सांगतात.

सुनेचं माहेर पाबळकडचं. टेप गुंडाळला जात असताना मला वढू बुद्रुक आठवतं. वढूही पाबळसारखंच शिरूर तालुक्यात आहे, तिथं पुण्याच्या केईएम रुग्णालयाचं ग्रामीण केंद्र आहे. त्याच केईएमच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर बायांचा अभ्यास सुरू केला. शेतात राबणाऱ्या, हडकुळ्या बाया. त्यांची बाळं जन्मली सरासरी 2.7 किलोची. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची बाळं 3.5 किलोची. पण बारकाईनं मोजल्यावर दिसलं की आमच्या बाळांमध्ये कमतरता होती स्नायूंची आणि अवयवांच्या वाढीची. कातडीखालची चरबी मात्र त्यांनी जवळजवळ राखून ठेवली होती. दिसायला लुकडं, आतून चरबीचं. त्याच अभ्यासात हेही दिसलं की ज्या बायांच्या ताटात हिरव्या पालेभाज्या, दूध, फळं वरचेवर होती, त्यांची बाळं अधिक भरली.

याज्ञिकांनी ही गोष्ट पुढं स्वतःच्या शरीरावर दाखवली. 2004 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, एकच, 22.3. युडकिनांच्या अंगात चरबी 9.1 टक्के, याज्ञिकांच्या अंगात 21.2 टक्के. म्हणून आपल्याकडं बीएमआय 23 झाला की वजन जास्त मानतात, जगात 25 ला मानतात. आणि म्हणूनच वजनाच्या काट्यापेक्षा आशाताईंचा टेप अधिक खरं बोलतो. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीत पोटाचा घेर वाढलेल्या माणसांचं प्रमाण शंभरात चाळीसच्या आसपास निघालं.

त्या सहा खेड्यांत तेव्हा जन्मलेली मुलं आज या सुनेच्या वयाची आहेत. आईच्या पोटात असताना ज्या शरीरानं साठवून ठेवायची सवय लावून घेतली, त्याच्याशी ती आज झगडतेय. तिला आळशी म्हणायचा अधिकार कुणालाच नाही.

परतताना सगळ्या भराभर चालतात. घरी डबे व्हायचेत. रस्त्यात रांजणगावच्या कंपन्यांच्या बसमधून रात्रपाळीची पोरं उतरतायत, डोळे लाल. एक पोरगा गाडीवरचा वडापाव घेऊन उभ्या उभ्या खातोय. आता तो झोपेल, दुपारी उठून जेवेल. पुढच्या आठवड्यात पाळी बदलेल, मग जेवणाची वेळही बदलेल. बाजारपेठेत नवीन वर्षाची जिमची पाटी लागलीय, पलीकडं सकाळी शेक विकणारं एक सेंटर उघडलंय आणि तिथं रांग आहे. मेडिकलवाल्याकडं आता लोक मौंजारो, वेगोव्हीची चौकशी करतात. ही वजन उतरवणारी इंजेक्शनं 2025 मध्ये भारतात आली. ज्यांना गरज आहे त्यांनी डॉक्टरांच्या देखरेखीखाली ती जरूर घ्यावीत. पण शिरूरमधल्या बहुतेक घरांना तो महिन्याचा खर्च झेपणारा नाही, त्यामुळं त्यांच्यापुढं रस्ता उरतो तो चालण्याचाच.

दुपारी मी न्हावऱ्यावरून दौंडच्या दिशेनं निघते. दोन्ही बाजूंना ऊस. तोडणी सुरू आहे, बैलगाड्या, ट्रॅक्टर, मागं दोन-दोन ट्रॉल्या. हा मुलूख मुळात पर्जन्यछायेतला. याच तालुक्यात, घोडनदीकाठी, इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजनं 1968 ते 1983 या काळात तिथं उत्खनन केलं आणि साडेतीन हजार वर्षांपूर्वीचं शेतकऱ्यांचं गाव उजेडात आणलं. शेवटच्या टप्प्यात पाऊस हटला, शेती आटली आणि ती माणसं जनावरं आणि शिकारीवर आली, असं संशोधकांचं मत आहे. 1972 च्या दुष्काळात आमच्या आया-आज्या खडी फोडून, सुकडी खाऊन जगल्या. मग घोड धरणाचं, चासकमानचं, इकडं दौंडला खडकवासल्याच्या कालव्याचं पाणी फिरलं आणि ऊस आला. सुबत्ता आली ती चांगलीच झाली, तिला मी नावं ठेवणार नाही. पण हजारो वर्षं दुष्काळात तगलेल्या शरीराच्या वाट्याला हे पाणी, ही साखर आणि ही मोटारसायकल एका पिढीत आली, हेही खरं.

पारगावजवळ भीमा ओलांडली की दौंड तालुका. केडगावच्या अलीकडं रस्त्याला लागून एक गुऱ्हाळ आहे, तिथं थांबते. चुलवणात चिपाडं ढकलणारा कामगार उघडाच आहे, थंडीतही घामानं चकाकतोय. काहिलीत रस उकळतोय, वर मळी जमते ती गुळव्या झाऱ्यानं काढून टाकतो, मग भेंडीचं पाणी सोडतो. पिवळा, दाट, फुगून वर येणारा रस. वास असा की पोट भरलेलं असलं तरी तोंडाला पाणी सुटावं. मालक वाटीत गरम काकवी देतात.

"घ्या ताई, साखर नाही ही. यानं वजन वाढत नाही."

मालक मनापासून बोलतायत, आणि पुण्याहून गाडी थांबवून गूळ नेणारे लोकही हेच समजून नेतात. पण 100 ग्रॅम साखरेत कॅलरी 400 च्या घरात, तर गुळात 380 च्या घरात. फरक आहे तो एवढाच. थोडं लोह, थोडे क्षार जास्त; पण पोटावर बसायचं तेवढं तो बसतोच. मी दोन बोटं काकवी चाखते. मालकांचं पोट शर्टाच्या गुंड्यांना ताण देतंय. बोलता बोलता ते सांगतात की त्यांच्या गोळ्या सुरू आहेत, साखरेच्या. "पूर्वी मोट होती, मग इंजिन, आता मोबाइलवरून मोटर चालू होते. बांधावर जायचं म्हटलं तरी गाडी." ते क्षणभर गप्प होतात आणि मग गुळव्याला हाक मारतात.

समोरच्या फडात ऊसतोड चालू आहे. एक बाई डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढते. फळी तिच्या पावलांखाली वाकते. तिच्या अंगावर मांस नाही. ती पहाटे चारपासून राबतेय, तिच्या खोपीत दुपारचं काय शिजलंय मला माहीत नाही. फडाच्या एका कडेला खाऊन वाढलेलं शरीर आहे, दुसऱ्या कडेला राबून झिजलेलं, आणि मध्ये उसाच्या दोन सऱ्या. तंदुरुस्तीविषयी बोलताना ‘पूर्वीची माणसं कष्ट करायची म्हणून धडधाकट होती’ असं आपण म्हणतो, तेव्हा या बाईकडं एकदा बघायला हवं. कष्टानं माणूस धडधाकट होतोच असं नाही. कष्टाबरोबर अन्न आणि झोप लागते.

दौंडला पोचते तेव्हा उन्हं उतरलीत. हे रेल्वेचं आणि राज्य राखीव पोलीस दलाचं गाव. गट क्रमांक 5 आणि गट क्रमांक 7, दोन्ही इथलेच. संध्याकाळी गोपाळवाडीकडं जाणाऱ्या रस्त्यावर भरतीची तयारी करणारी पोरं पळतायत. राखीव दलासाठी पाच किलोमीटर धावणं असतं, शंभरपैकी पन्नास गुण त्यालाच. कडेला मोबाइलवर वेळ लावून एक जवान उभे आहेत, चाळिशीच्या आतबाहेरचे. पुतण्याला पळवायला आलेत.

"मी पण इथंच पळायचो," ते सांगतात. "साडेअठरा मिनिटं. भरती झालो आणि पळायचं कारणच संपलं."

मग बंदोबस्त. गणपती, निवडणुका, मोर्चे. कुठं शाळेच्या व्हरांड्यात झोपायचं, मिळेल ते खायचं. पोलिसांना तंदुरुस्त राहिल्याबद्दल महिन्याला अडीचशे रुपये भत्ता आहे. वजन-उंचीचं प्रमाण तपासून तो मिळतो. त्यांचा मध्यंतरी बंद झाला होता. "अडीचशेचं काही नाही हो. पण यादीत नाव नाही म्हटल्यावर लागतं मनाला." पुतण्या तिसरी फेरी मारून येतो, जवान वेळ ओरडून सांगतात आणि चौथ्या फेरीला स्वतः त्याच्या मागं धावायला लागतात. सावकाश. पोरगा पुढं निघून जातो, हे मागं पडतात, पण थांबत नाहीत.

त्यांचं वाक्य मला सोडत नाही. भरतीसाठी पळालेला माणूस भरतीनंतर थांबतो. लग्नासाठी दहा किलो उतरवणारी मुलगी अल्बम आल्यावर थांबते. टिकतंय ते शिरूरच्या बायांचं, ज्यांना कसलीच परीक्षा द्यायची नाही. कोपऱ्यावर कुणीतरी थांबलेलं असतं म्हणून त्या येतात. या जवानालाही आता पुतण्या मिळालाय. निश्चयाची भाषा आपण फार करतो. माझ्या पाहण्यात तरी निश्चयापेक्षा सोबतीनंच माणसं जास्त दिवस चाललीत.

आठच्या सुमाराला मी स्टेशनवर येते. पुण्याहून शटल आलीय. फलाटावर लोकांचा लोंढा, खांद्याला डबे. जिना चढताना एक बाई कठड्याला हात न लावता, न थांबता वर जातात, म्हणून मी त्यांना गाठते. पुण्यात एका दवाखान्यात नर्स आहेत. वय पन्नाशीच्या जवळ. बाहेर रिक्षावाला विचारतो, त्या मान हलवून पुढं निघतात. घर पावणेदोन किलोमीटरवर आहे, जाता-येता दोन्ही वेळा चालतच, असं सांगतात. मी त्यांच्याबरोबर चालते. दिव्याखालून दिव्याखाली, गटाराच्या कडेनं, मोटारसायकली चुकवत.

"किती कमी झालं?"

"वजन? तीन-साडेतीन किलो असंल. मोजत नाही आता. पण बीपीची गोळी अर्धी केली डॉक्टरांनी."

मी विचारते, जमवलं कसं. मला वाटतं त्या एखादा आहार सांगतील. त्या म्हणतात, "सकाळचा डबा मिस्टर करतात. कणिक मीच मळून ठेवते रात्री, भाजी तेवढी ते टाकतात. त्याआधी सकाळी मी धावत रिक्षा धरायची, उपाशी गाडीत बसायची, आणि पुण्यात उतरल्यावर समोसा. ती चाळीस मिनिटं मिळाली आणि सगळं बसलं जाग्यावर."

चाळीस मिनिटं. सकाळी नळाच्या पाण्यामुळं न आलेल्या बाईकडं नेमकी तीच नव्हती. ताईंकडं मार्चअखेरीला तीच नव्हती. आमच्या भागातल्या बाईचं वजन हा नुसता तिच्या जिभेचा प्रश्न नाही. तिच्या घरातल्या कामांची वाटणी, रस्त्यावरचे दिवे, उसातला बिबट्या आणि तिच्या आईच्या ताटात कधीकाळी न पडलेली पालेभाजी, एवढं सगळं त्या वजनात असतं.

म्हणून शिरूरच्या आणि दौंडच्या नगरपरिषदांना आणि आजूबाजूच्या ग्रामपंचायतींना माझं मागणं आहे. गावाबाहेर जाणाऱ्या एका तरी रस्त्यावर दिवे लावा आणि कडेच्या उसापासून दहा हात जागा मोकळी ठेवा, म्हणजे बायांना काठ्या न घेता चालता येईल. आणि घरातल्या पुरुषांना एवढंच सांगणं: उद्या संक्रांत आहे, गुळाची पोळी खुशाल खा. परवापासून सकाळचा एक डबा तुम्ही भरा.